प्रोग्रेस कुणाचा

बुध. ५ फेब्रु. सांगली

ह्यांचा किमो झाला. ताप न्हाई. उलटी एक, ती बी एस.टी.त न्हाई, स्टँडवर उतरल्यावर. मिल्ट्रीचा माणूस, उलटीला सुद्धा हुकूम लागतो.

डाक्टर म्हणले आजी लिहून ठेवत जावा, काय खाल्लं, ताप किती. लिहिते. अक्षर बघून हसले तर हसूदे.

नर्स इचारती, पेशंटचं नाव सांगा. म्हणलं फायलीवर हाय की. न्हाई म्हणती, तोंडी सांगायचं असतंय, खात्री करायला. सगळ्या दवाखान्यापुढं नवऱ्याचं नाव घ्यायला मी काय उखाणा घालायला आलीया? शेवटी प्राचीनं सांगितलं. माझ्या लेकीची, शालनची पोरगी, सांगलीत कॉलेजला हाय म्हणून दर येळी येती बिचारी. आईवर गेली न्हाई, माझ्यावर गेली.

ह्यांच्या जिभेला चव न्हाई. सगळं लोखंडावाणी लागतंय म्हणतात. म्हणलं पलटणीत डब्यातलं शिळं खाल्लंत तवा काय अमृत लागत हुतं?

पायरी उतरताना पाठ धरली. त्यांना वाटतंय मी बघितलं न्हाई.

शनि. ८ फेब्रु. घरी

अर्धी भाकरी, दूध. ताप न्हाई.

निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून पाठ शेकली. म्हणतात, "वडूजचा रस्ता खराब. एस.टी.नं सगळं खड्डं घेतलं."

"खड्डं एस.टी.नं घेतलं आन पाठ तुमची दुखती?"

सदरा खाली ओढला. एरवी उलट उत्तर दिल्याबिगर सोडणारा माणूस न्हवं.

एका जागी हात लागला की आंग चोरतात. पयल्यांदा दुखणं निघालं तवा बी असंच, लघवी अडायची आन हे मुतखडा मुतखडा करत बसले. निघाला प्रोस्टेटचा कॅन्सर, त्यो बी हाडापतूर गेलेला. मग ती सुई, जिनं पुरुषपणाचा रस बंद करतात ती. मग गोळ्या. गोळ्या बी थकल्या तवा किमो.

आता किमो थकला तर?

पोराचा, विलासचा फोन बॉर्डरवरनं. हे ओरडून म्हणले, "खणखणीत हाय! तू तुझी ड्यूटी कर!" आन फोन ठेवून खाटेवर आडवे झाले, ते कुशीवर. पाठ टेकवत न्हाईत.

सोम. १७ फेब्रु. सांगली, मग तासगाव

मागल्या आठवड्यात फोटो काढला, त्या नळीत घालून. रक्त बी. आज रिपोर्ट.

डाक्टर लय येळ स्क्रीनकडं बघत हुते. बाहेर गर्दी, आत दोनदा फोन वाजला. मग ह्यांच्याकडं बघून म्हणले, "सुभेदारसाहेब, प्रोग्रेशन आहे. आता हा किमो आपण थांबवू. पुढच्या वेळी मुलाला बोलवा, निवांत बोलू."

हे ताडकन उठले. पाठ विसरले. डाक्टरचा हात धरून हलवला, "थँक्यू सर! थँक्यू!"

डाक्टरनं तोंड उघडलं. तेवढ्यात नर्स आली पळत, आत कुणाला तरी दम लागला हुता. डाक्टर उठून गेले.

मी डाक्टरच्या तोंडाकडं बघितलं हुतं. प्राचीकडं बी बघितलं. पोरगी भिंतीकडं तोंड करून उभी.

बाहेर आल्यावर हे म्हणतात, "ऐकलंस? प्रोग्रेस! आमच्या पलटणीत रंगरूट हुशार निघाला की साहेब वहीत लिवायचा, गुड प्रोग्रेस. आन किमो बंद! जितलो गं."

म्हणलं, पोराला कशाला बोलवलंय मग?

"शाबासकी द्यायला असंल."

तासगावात शालनच्या दारात उतरायच्या आधी पेढे घेतले. शालन रडली आनंदानं. मी बी पेढा खाल्ला. खाल्ला न्हाई तर इचारतील का म्हणून.

मंगळ. १८ फेब्रु. घरी

गावभर पेढे. हौसाक्का शेजारची आली, "वैनी, भावजी जितले म्हनं!" आन ह्यांची दृष्ट काढली मीठमोहऱ्यांनी. ह्यांनी फोनवर सगळ्या जुन्या दोस्तांना सांगितलं. प्रोग्रेस हाय गड्या, प्रोग्रेस.

आता नवस. किमो सुरू झाला तवा बोलले हुते म्हणं, ह्यातनं सुटलो तर औंधला यमाईच्या डोंगरावर अनवाणी पायऱ्या चढून येईन. मला आज सांगतात. शुक्रवारी जायचं ठरवलं बी.

"गाडी वरपतूर जाती," मी म्हणलं.

"गाडीचा नवस न्हवता."

बुध. १९ फेब्रु.

हे पारावर गेले तवा मीच प्राचीला फोन लावला. गोठ्यात जाऊन.

"आजे, मी कालपासनं तुला फोन करायला बघत होते, धीर होईना."

"सांग."

"प्रोग्रेस आजोबांचा नाही गं. गाठीचा. किमो चालू असताना वाढलाय. रक्तातली गाठीची खूण, पीएसए, चढलीय, पाठीच्या मणक्यात नवीन डाग आलेत. म्हणून किमो थांबवला, उपयोग होईना म्हणून."

मी म्हशीच्या दावणीवर बसले. ठाऊक हुतं की मला. तरी ठाऊक असणं येगळं आन कानानं ऐकणं येगळं.

म्हणलं ऊस वाढला तरी वाढला म्हणायचं आन तण वाढलं तरी वाढलं म्हणायचं, व्हय? येवढं शिकलेलं डाक्टर, तणाला येगळा शब्द घावला न्हाई?

मग पोरीनं दवाखान्यात फोन करून इचारलेलं सांगितलं, ते लिहून ठेवते. मणका आतनं पोखरलाय. ओझं उचलायचं न्हाई, चढउतार न्हाई. पायात मुंग्या आल्या, पाय जड पडला, लघवी कळंना झाली तर एक मिनिट थांबायचं न्हाई, थेट सांगलीला. नसा दाबल्या तर पाय जातील ते परत येणार न्हाईत.

आन हे डोंगर चढणार परवा.

विलासला फोन केला. "आये, सांगू नको अप्पांना. खुशीत हायत, राहू दे. मी सुट्टी टाकतो, आलो की बघू."

"आन डोंगर?"

"काय तरी करून थांबव."

काय तरी. बंदूक हातात घेऊन सीमेवर उभा ऱ्हाणारा माझा पोरगा, बापाला एक शब्द सांगायला भितोय. मी बी त्याची आईच की. मी तरी कुठं सांगितलं.

गुरु. २० फेब्रु.

ताप न्हाई. जेवण बरं. आनंदात जेवतात, त्येच बघवंना.

सकाळी म्हणलं माझा गुडघा धरलाय, पुढल्या शुक्रवारी जाऊ. "तू खाली बस नारळाच्या दुकानात. तुझ्या गुडघ्याला कुणी नवस बोललंय?"

दुपारी म्हणलं हौसाक्काच्या भावकीत सुतक हाय. खोटं. हौसाक्का तेवढ्यात हसत दारात, हातात ताकाचा तांब्या. सुतक तिथंच वारलं.

चप्पल लपवून काय उपयोग, अनवाणी जायचंय.

एकदा तोंड उघडलं. आवं, म्हणलं. हे आरशापुढं उभे, मिश्या झडल्यात तिथं बोट फिरवत. "काय गं?" म्हणले. "येतील आता परत. किमो बंद झाला की येतात."

काय न्हाई म्हणलं.

सांगितलं तर आतनं मोडतील. न्हाई सांगितलं तर मणका मोडंल. यमाई, तुझी पायरी तूच सांभाळ.

शुक्र. २१ फेब्रु. औंध, मग सांगली

जमंल तेवढं लिहिते. दवाखान्यात बाकावर बसलीया.

पायथ्याला नारळ घेतला. हे पायरीला हात लावून पाया पडले आन निघाले, छाती काढून, परेडला निघाल्यावाणी. मी मागं. हे थोडं चढले आन थांबले. डावा पाय उचलून झटकला. परत झटकला.

"काय झालं?"

"मुंग्या आल्यात. बसलो हुतो ना गाडीत."

मी त्यांच्या पुढं जाऊन वरच्या पायरीवर उभी राहिले, वाट अडवून. लगीन झाल्यापास्नं ह्या माणसाच्या पुढं चालले न्हाई कधी.

"खाली चला."

"सरक. देवाची वाट हाय."

"प्रोग्रेस तुमचा न्हाई," मी म्हणलं. "त्याचा हाय. गाठीचा. वाढलंय ते. किमोनं ऐकलं न्हाई म्हणून बंद केलाय. मणक्यात गेलंय. ही मुंगी गाडीची न्हवं. खाली चला, आन आत्ता चला."

एका दमात. कसं सांगायचं ह्याचा दोन दिवस इचार केला हुता, त्यातलं एक अक्षर आठवलं न्हाई.

हे तिथंच पायरीवर बसले. वर देवळाकडं बघंनात, माझ्याकडं बी बघंनात. बायामाणसं बाजूनं चढत हुती. एक म्हातारी म्हणाली, दमला काय बाबा, दम खावा, आई बोलावती.

हे म्हणले, "पेढे वाटले गं मी."

मग, "म्हणजे दुश्मन पुढं आलाय. आन मी बँड वाजवला."

मग, "तुला कवा कळलं?"

"डाक्टरच्या तोंडाकडं बघितलं तवा."

"आन मला पेढे वाटू दिलेस."

काखेत हात घालून उठवलं. नारळ तिथंच पायरीवर ठेवला, फोडला न्हाई. प्राचीला फोन केला, ती म्हणाली घरी नेऊ नका, तसंच या. तसंच गाडीनं सांगली. विट्याजवळ एकदाच, "पाय हाय अजून," म्हणले. बोटं हलवून दाखवली. मी बघितली. परत दाखवली.

आता आत नळीत घातलंय. आवाज इथपतूर येतोय, ठक ठक ठक.

शनि. २२ फेब्रु. सांगली

नस दाबायला लागलीया, चेपलेली न्हाई. येळंत आला, डाक्टर म्हणले. वर चढला असता तर सांगता येत न्हवतं. सुई दिली सूज उतरायची. पाठीला पट्टा. सोमवारपास्नं किरणाचं शेक.

पाय हलतोय.

माझ्याशी बोलत न्हाईत. नर्सशी बोलतात, प्राचीशी बोलतात, शेजारच्या खाटेवरल्या कवठेमहांकाळच्या धनगराशी तर मेंढरांच्या रोगाबद्दल तासभर बोलले. मला फक्त "पाणी".

बोलू नका. चालता तर खरं.

मंगळ. २५ फेब्रु. सांगली

विलास आला. डाक्टरनं दार लावून घेतलं, फोन बंद केला. पयलं म्हणले, "त्या दिवशी माझी चूक झाली, सुभेदारसाहेब. नीट सांगायला हवं होतं. आजी, तुमचीही माफी."

हे म्हणले, "माफी राहू दे. त्यो शब्द परत काढू नका माझ्यापुढं. मराठीत बोला."

डाक्टर मराठीत बोलले. मला जे समजलं ते लिहिते.

एक. दुसरा किमो. आधीच्याचाच भाऊ, जास्त तिखट. पयला थकला तिथं ह्यो कधी कधी चालतो. पर रक्त उतरतं, ताप आला तर धावायचं.

दोन. एक सुई हाय, आतनं किरण सोडती, जिथं गाठ असंल तिथं जाऊन चिकटती. ती इथं न्हाई, पुण्यामुंबईला. त्याच्या आधी येगळा फोटो, त्यात गाठी उजळल्या तरच उपयोग.

तीन. गोळ्या. पर त्या सगळ्यांना लागू पडत न्हाईत. रक्तात जन्मापास्नं एक खोड असती काहींच्या, ती असंल तरच. त्यासाठी रक्ताची येगळी तपासणी.

चार. आता बास म्हणायचं. शेक देऊन पाठ सांभाळायची, दुखणं मारायचं, घरी ऱ्हायचं. डाक्टर म्हणले हे बी औषधच हाय, हार न्हवं. आन पयल्या तिन्हीबरोबर बी हे करायचंच.

विलासनं इचारलं, "बरं कशानं हुईल?"

"बरं कशानंच नाही होणार. थोपवता येईल. किती दिवस, ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही."

हे पट्ट्याची कड चाचपत बसले.

मग डाक्टर म्हणले, ती रक्तातली खोड निघाली तर पोरांची बी तपासणी करायला लागंल. मुलाची आन मुलीची बी. मुलीत ते छातीत निघू शकतं. नातीपतूर.

विलास खाली बघत बसला. मी प्राचीकडं बघितलं न्हाई. मुद्दामच.

रानाच्या वाटणीत पोरीला एक सरी दिली न्हाई ह्यांनी. ह्याची वाटणी मात्र सारखी.

शनि. १ मार्च, तासगाव

शेकाला सांगलीला रोज जायचं म्हणून शालनकडं मुक्काम. दारापुढं शेडवर बेदाणा वाळतोय, सगळ्या घराला त्याच गोडीचा वास. ह्यांना वास येतोय, चव न्हाई.

शालनला सगळं सांगितलं विलासनं. ती जाळ्यावरची द्राक्षं पसरत हुती, पसरतच राहिली. मग म्हणाली, "दादा, मला न्हाई तपासायचं. कळून काय करू? रोज छातीला हात लावून बसू?"

प्राची म्हणाली, "मला कळायला पाहिजे."

"तू गप. तुझं लगीन व्हायचंय."

"म्हणूनच."

हे खाटेवर पट्टा बांधून पडलेले, सगळं ऐकत. माझ्याशी आठवड्यात पयल्यांदा बोलले, "तू काय म्हणतीस?"

"मला काय इचारता? शेतात काय पेरायचं इचारलं न्हाई, पोरगी कुठं द्यायची इचारलं न्हाई. आता इचारताय, जवा चारी वाटा काट्याच्या हायत तवा."

"म्हणून तर इचारतोय."

मी उठून आत गेले. चुलीपुढं बसले. गॅस हाय शालनकडं, तरी मागं चूल हाय पाण्याला, तिच्यापुढं. भ्या वाटतंय म्हणून कसं सांगायचं ह्या माणसाला. चाळीस माणसं त्यांच्या हुकमावर चालली. मी फक्त एकदाच वाट अडवली.

मंगळ. ४ मार्च, सांगली

शेक झाला. पाठीत थोडा उतार. ताप न्हाई.

बाहेर आलो तर हे चालत उलट्या दिशेला, रक्त काढायच्या खोलीकडं. विलास म्हणला अप्पा, वाट हिकडं. म्हणले, "ठाऊक हाय. ती खोडीची तपासणी करून घेतो."

"ठरलं न्हवतं की अजून."

"माझं ठरलंय. तुमचं तुमी ठरवा. सुरुंग पेरलाय का न्हाई हे माहीत असल्याबिगर पोरांना त्या रानात सोडत न्हाईत."

बाही वर केली. नर्सनं शीर शोधायला लय येळ लावला, किमोनं शिरा गेल्यात. मग ती म्हणाली, पेशंटचं नाव सांगा कोणी तरी. प्राची बाहेर हुती. विलास कागदावर सही करत हुता.

मी सांगितलं. नाव, आडनाव, बापाच्या नावासकट. मोठ्यानं.

ह्यांनी मान वळवून बघितलं. "पलटणीत येवढ्या मोठ्यानं कुणी घेतलं न्हाई माझं नाव," म्हणले.

गुरु. १३ मार्च, होळी. घरी

शेक संपलं. पुरणपोळी खाल्ली एक. कशी झालीया इचारलं तर म्हणले, "मऊ." चव न्हाई म्हणजे.

विलास परत गेला. जाताना पाया पडला आन जरा जास्तच येळ वाकलेला राहिला.

हौसाक्का आली, पट्टा बघितला. "भावजी, ह्यो काय नवा शर्ट?" मग माझ्याकडं बघितलं. तिला सांगितलं खरं काय ते. ती म्हणाली, मी पेढा खाल्ला की वैनी. म्हणलं, सगळ्यांनीच खाल्ला.

लघवी इचारते, पाय इचारते. सकाळी उठल्या उठल्या बोटं हलवायला लावते. चिडतात. हलवतात.

शनि. २९ मार्च

दुपारी दवाखान्यातनं फोन. मी पिठाच्या हातानं उचलला. तिथल्या कुण्या पोरीचा आवाज, "रिपोर्ट आलेत आजी. डॉक्टर मंगळवारी भेटायला बोलावतायत."

म्हणलं काय हाय त्यात?

"फोनवर सांगत नाहीत आजी."

चांगलं असतं तर सांगितलं असतं का? का चांगलं बी सांगत न्हाईत? प्राचीला इचारलं, ती म्हणाली नियमच हाय तसा, काही अर्थ काढू नको. शालनला सांगितलं. ती म्हणाली, बरं. मग जरा येळानं तिनंच परत फोन केला आन काहीच बोलली न्हाई, मी बी धरून बसले.

खोड हाय असं निघालं तर ह्यांना गोळी मिळंल, पोरांना भ्या. न्हाई निघालं तर पोरं सुटली, ह्यांची एक वाट बंद. देवापुढं दिवा लावला. काय मागायचं ते ठरंना, तसाच हात जोडून उभी राहिले.

रवि. ३० मार्च, पाडवा

गुढी उभी केली. हे खालनं सांगत हुते, डावीकडं, अजून डावीकडं. सुभेदार शेवटी.

कडुनिंबाचा पाला दिला गुळासंगं. चावला. तोंड वाकडं केलं, डोळं मिटलं, थू थू करत उभे राहिले.

"कडू हाय गं!"

"कडुनिंब हाय, मग काय गोड असंल?"

"न्हाई, कडू *लागतंय*," म्हणले. आन अजून चार पानं मागून घेतली. गूळ बाजूला ठेवून नुसताच पाला चावत बसले, डोळ्यात पाणी, बिनमिश्याचं तोंड हिरवं.

मग पाणी पिऊन म्हणले, "मंगळवारी आत मी बी बसतो. पर डाक्टरकडं तू बघायचं. तोंडाकडं. ऐकायचं बी तूच."

"आन तुमी?"

"मी खिडकीकडं बघतो. बाहेर आल्यावर मला सांग. पायरीवर सांगितलंस तसं. एका दमात."

"आन सांगण्याजोगं नसलं तर?"

गुढीकडं बघत हुते. वाऱ्यानं तांब्या हलला, काठीला टेकला.

"तर बी मराठीतच," म्हणले.